आधी कोणते काम?

वसईहून रस्त्याने मुंबईकडे वा ठाण्याकडे निघालेल्या माणसाची गाठ वरसाव्याशी पडल्यावाचून राहत नाही. खाडीवरील पूल ओलांडला की एक वाट घोडबंदरमार्गे ठाण्याला वळते, दुसरी काशीमिऱ्यावरून मुंबईत उतरते; आणि परतीच्या प्रवासात ह्या दोन्ही वाटा पुन्हा त्याच पुलाच्या तोंडाशी एकमेकींना मिळतात. डिसेंबर २०१३ मध्ये येथील जुन्या पुलाला तडा गेल्याचे आढळले आणि अवजड वाहनांना तो बंद करावा लागला. दुरुस्ती झाली, पण २०१६ साली पुन्हा तीच वेळ आली. नव्या पुलाचे भूमिपूजन जानेवारी २०१८ मध्ये झाले आणि त्यावरून वाहने धावू लागली ती मार्च २०२३ मध्ये. तडा दिसल्यापासून नव्या पुलापर्यंत नऊ वर्षांहून अधिक काळ लोटला. ह्या काळात रुग्णवाहिका, भाजीचे टेम्पो, कामावर जाणारी माणसे आणि परीक्षेला निघालेली मुले ह्या नाक्यावर ताटकळत राहिली.

‘सरकारी काम, आणखी काय!’ असे म्हणून हा विषय हातावेगळा करणे सोपे आहे. परंतु क्षणभर आपण त्या टेबलाच्या पलीकडील खुर्चीत बसून पाहू. समोर एकच पूल नाही. कुठे पूल जुना झाला आहे, कुठे मुळातच पूल नाही आणि पावसाळ्यात गावाचा संपर्क तुटतो आहे, कुठे रस्त्याच्या वळणावर दरवर्षी माणसे दगावत आहेत. प्रत्येक काम आवश्यक आहे. प्रत्येकामागे कोणाची तरी तळमळ आहे. पैसा मोजका, माणसे मोजकी आणि वर्षाचे दिवस तर सर्वांनाच सारखे. अशा वेळी ‘काय करावे’ हा प्रश्न उरत नाही. ‘आधी काय करावे’ हा एकच प्रश्न उरतो. वरवर हा हिशेबाचा प्रश्न वाटतो. आमच्या मते तो न्यायाचा प्रश्न आहे. कारण एका कामाला ‘आधी’ म्हणताना आपण दुसऱ्या कोणाला तरी ‘तुम्ही थांबा’ असे सांगत असतो.

ह्या प्रश्नाचे एक नीटस उत्तर आज आपल्या घरातील तरुण मुलामुलींना ठाऊक आहे. संगणक कंपन्यांत काम करणाऱ्या ह्या पिढीला रोज ‘बॅकलॉग’ हा शब्द ऐकावा लागतो. एखादी संगणक-प्रणाली तयार करताना तिच्यात ज्या ज्या सुधारणा करावयाच्या राहिल्या आहेत त्यांची एक सलग यादी ठेवली जाते. यादीतील प्रत्येक कामापुढे दोन आकडे मांडतात: त्या कामापासून लाभ किती आणि त्याला कष्ट किती. ज्या कामात थोड्या कष्टात मोठा लाभ, ते वर. ज्यात कष्ट फार आणि लाभ थोडा, ते खाली. १९९५ साली केन श्वाबर आणि जेफ सदरलँड ह्या दोघा अमेरिकन तज्ज्ञांनी ‘स्क्रम’ नावाची जी कार्यपद्धती जाहीरपणे मांडली, तिच्यामुळे ही यादी जगभर रुळली. ह्या पद्धतीत एक सुज्ञ नियम आहे: लाभाचा विचार मालकाच्या वतीने बोलणारा करतो, परंतु कष्टाचा अंदाज मात्र जे स्वतः काम करणार त्यांनीच सांगावयाचा असतो. ह्या नियमाकडे आपण पुढे पुन्हा वळणार आहोत.

ही तराजूची पद्धत हृदयशून्य आहे असे कोणी म्हणेल, तर ते बरोबर नाही. एक लहानसा हिशेब करून पाहावा. रेशनच्या दुकानात दोन माणसे एकाच वेळी आली. एकाचे काम दहा मिनिटांचे, दुसऱ्याचे एका मिनिटाचे. दहा मिनिटांवाल्याला आधी घेतले, तर तो दहा मिनिटांनी सुटेल आणि दुसरा अकराव्या मिनिटाला. दोघांचे मिळून एकवीस मिनिटे खोळंबणे झाले. एका मिनिटाच्या माणसाला आधी घेतले, तर तो लगेच सुटेल आणि दुसरा अकराव्या मिनिटाला. एकूण खोळंबा बाराच मिनिटांचा. काम तेवढेच, दुकानदार तोच. केवळ क्रम बदलला आणि नऊ मिनिटांचा मनस्ताप वाचला. म्हणजे छोटे काम आधी उरकणे ही पळवाट नव्हे. त्यात अनेकांची सोय दडलेली असते. आपल्या आज्याही हेच जाणत होत्या. मोठे रांधप चुलीवर चढविण्यापूर्वी त्या रडणाऱ्या पोराच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवीत.

शिवाय जो हिशेब मांडीत नाही, तोही निवड करतोच; फक्त ती डोळे मिटून करतो. यादी नसेल तेथे ज्याचा आवाज मोठा त्याचे काम आधी होते. ज्याची ओळख वरपर्यंत आहे त्याच्या गल्लीत डांबर आधी पडते. लाभ आणि कष्ट कागदावर मांडले की निदान ‘का?’ असे विचारता येते. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यवैद्य दोमिनिक लारे ह्यांनी रणांगणावर जखमींवर उपचार करताना हुद्दा न पाहता जखमेची गंभीरता पाहावी असा दंडक घातला. अधिकारी असो वा साधा शिपाई, ज्याची जखम भारी तो आधी. येथे हिशेबानेच गरिबाची बाजू घेतली. तेव्हा तराजूला दोष देण्यापूर्वी तराजू नसताना काय घडते, ह्याचे स्मरण ठेवणे बरे.

परंतु ह्याच तराजूत एक खोट आहे, आणि ती सहजी दिसत नाही. रेशनच्या दुकानाचा तो हिशेब दोनच माणसांचा होता. खऱ्या जगात रांग संपत नाही. एका मिनिटाचे काम असलेला माणूस गेला की दुसरा येतो, तिसरा येतो. प्रत्येकाचे काम छोटे, प्रत्येकाला आधी घेणे शहाणपणाचे. आणि दहा मिनिटांचे काम असलेला तो माणूस दुकान बंद होईपर्यंत उभाच. कोणीही त्याच्यावर अन्याय करावयाचा म्हणून केला नाही. प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे पाहिला तर रास्तच होता. तरीही दिवसाअखेर तो रिकाम्या पिशवीने घरी गेला. संगणकशास्त्रात ह्या स्थितीला जे नाव आहे त्याचा अर्थच मुळी ‘उपासमार’ असा होतो. यंत्रांच्या शास्त्राने इतका मानवी शब्द निवडावा, हे विचार करावयास लावणारे आहे.

ही उपासमार केवळ कल्पनेतील नव्हे. आपल्या महाराष्ट्राने ती पाहिली आहे, आणि ‘बॅकलॉग’ला आपल्याकडे जो मराठी शब्द आहे तो त्याच अनुभवातून घरोघरी पोहोचला. तो शब्द म्हणजे ‘अनुशेष’. राज्याचे काही जिल्हे पुढे गेले, काही मागे राहिले. मागे राहिलेल्यांचे नेमके किती राहिले हे मोजण्यासाठी १९८३ साली अर्थतज्ज्ञ प्रा. वि. म. दांडेकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली. समितीची रीत साधी होती. रस्ते, पाटबंधारे, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढावयाची. जो जिल्हा त्या सरासरीच्या खाली असेल त्याला तेथवर आणण्यास लागणारा खर्च म्हणजे त्या जिल्ह्याचा अनुशेष. १९८४ च्या अहवालात ही रक्कम सुमारे ३,१८७ कोटी रुपये भरली, आणि तिच्यात सर्वात मोठा वाटा पाटबंधाऱ्यांचा होता. पुढे राज्यघटनेच्या ३७१ (२) कलमाच्या आधारे १९९४ साली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. त्यानंतरच्या निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ रोजीचा अनुशेष मोजला, तो निघाला सुमारे १४,००७ कोटी रुपये. भाववाढीचा आणि मोजणीच्या निकषांचा त्यात हात होताच. परंतु निम्म्याहून अधिक रक्कम पुन्हा पाटबंधाऱ्यांचीच होती.

त्यानंतर राज्यपालांच्या निर्देशांनुसार निधीचे वाटप होऊ लागले आणि अनुशेषाचे एकेक खाते भरत आले. भरण्याचा क्रम मात्र बोलका आहे. शाळेच्या खोल्या, आरोग्यकेंद्रे, रस्ते ही खाती आधी भरली. मागे राहिले ते पाटबंधारे. आणि तेथेही कागदावर पैशाचा अनुशेष फिटल्यानंतर प्रत्यक्ष जमिनीवरचा अनुशेष ज्या जिल्ह्यांत शिल्लक राहिला ते होते अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा. ह्याची कारणे अवघड होती. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा, भूसंपादनाचे तंटे, वनजमिनीच्या परवानग्या. थोडक्यात, ‘कष्ट’ ह्या रकान्यातील आकडा तेथे मोठा होता. आणि ‘लाभ’? शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत हे चारही जिल्हे होते. आत्महत्येमागील दुःख एकाच कारणाने समजावून सांगता येत नाही, आणि तसा प्रयत्न आम्ही करणार नाही. परंतु जेथे पाण्याची निकड सर्वात तीव्र, तेथेच पाणी सर्वात शेवटी, एवढे तर ह्या दोन याद्या शेजारी ठेवल्या की दिसतेच.

येथे आम्हांला आमच्या विचाराचा गाभा सापडतो. लाभाला कष्टाने भागणारा तराजू एक गोष्ट गृहीत धरतो: कष्टाचा आकडा हा निसर्गाने दिलेला आहे. पुष्कळदा तसे नसते. मे महिन्यात घराची चार कौले फुटलेली आहेत. शिडी लावून ती बदलणे अर्ध्या दिवसाचे काम. आज त्याहून तातडीचे दुसरे काही आहे म्हणून ते राहिले. जुलैत वासा कुजला, भिंतीला ओल चढली. आता कामाला आठवडा लागेल आणि गवंडीही लागेल. आता यादीत ते काम आणखी खाली जाईल, कारण कष्ट वाढले! म्हणजे ज्याला आपण थांबविले त्याचेच काम थांबविल्यामुळे महाग झाले, आणि महाग झाले म्हणून आपण त्याला पुन्हा थांबविले. उपेक्षेने निर्माण केलेली अडचण उपेक्षेचे समर्थन म्हणून पुढे करणे, हा तो सूक्ष्म अन्याय होय. मागासलेला जिल्हा, अर्धवट शिकलेला मुलगा, वर्षानुवर्षे अबोला धरलेला भाऊ ह्या साऱ्यांच्या बाबतीत हेच घडते. ‘आता फार उशीर झाला, फार अवघड आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या उशिरात आपला वाटा किती, हे आपण मोजीत नाही.

तराजूतील दुसरी खोट रकाने भरणाऱ्या हातांची आहे. लाभ कोणाचा आणि कष्ट कोणाचे? पुन्हा वरसाव्याच्या परिसराकडे पाहू. पालघर जिल्ह्यातील सूर्या धरणाचे पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदर ह्या शहरांना आणण्याची योजना दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची आहे. तहानलेल्या शहरांच्या दृष्टीने तिचा लाभ निर्विवाद. नळाला दिवसाआड येणारी धार ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु सूर्या प्रकल्पाचे पाणी आपल्या शेतीसाठी होते, असे सांगत तेथील आदिवासी शेतकऱ्यांनी ह्या योजनेला विरोध केला होता. शहराच्या यादीत त्यांचे नुकसान कोणत्या रकान्यात मांडले गेले? आणि २९ मे २०२४ रोजी वरसावे पुलानजीक ह्याच योजनेच्या बोगद्याचे काम चालू असताना माती कोसळली आणि खोदकाम करणारा एक यंत्रचालक यंत्रासह ढिगाऱ्याखाली गाडला गेला. त्याच्या शोधासाठी अनेक दिवस पथके राबली. अंदाजपत्रकात ‘कष्ट’ म्हणजे रुपये आणि महिने असतात. प्रत्यक्षात कष्ट म्हणजे कोणाचे तरी शरीर असते. म्हणूनच संगणक-कंपन्यांतील तो नियम आम्हांला मोलाचा वाटतो: कष्टाचा आकडा काम करणाऱ्याने सांगावा. त्याला आम्ही एवढीच पुस्ती जोडू, की लाभाचा आकडा केवळ मागणाऱ्याने सांगू नये. ज्याच्या ताटातून ते काढले जाणार त्यालाही विचारावे. एकाच हाताने दोन्ही रकाने भरले, की तराजू तराजू राहत नाही.

मग तराजू फेकून द्यावा काय? शुभवर्तमानाच्या वाचकांना येथे एक गोष्ट आठवेल. लूकने चौदाव्या अध्यायात बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दृष्टान्त दिला आहे. आधी बसून खर्चाचा हिशेब न करणाऱ्याचे काम पायाशीच अडते आणि लोक त्याला हसतात. पान उलटावे, तो पंधराव्या अध्यायात मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे मागे ठेवून एकाच्या शोधात रानोमाळ हिंडतो. लाभाला कष्टाने भागून पाहिले तर त्या मेंढपाळाचे गणित कोठेच बसत नाही. तरीही हे दोन दृष्टान्त एकाच पुस्तकात शेजारी शेजारी आहेत. आम्ही त्याचा अर्थ असा लावतो, की हिशेब करणे हे कर्तव्य आहे. परंतु हरवलेल्याचा हिशेब निराळ्या वहीत ठेवावयाचा असतो. मेंढपाळ मोजदाद करीत नव्हता असे नाही. त्याने मोजले म्हणून तर एक कमी असल्याचे त्याला कळले! शंभराच्या कळपात एक गेले तर सरासरी फारशी ढळत नाही. जो केवळ सरासरी पाहतो, त्याला हरवलेले मेंढरू कधीच दिसत नाही.

संगणकशास्त्राने उपासमारीवर उपायही शोधला आहे, आणि तो सामान्य माणसाला सहज समजण्याजोगा आहे. रांगेत जो अधिक काळ थांबला, त्याचे महत्त्व त्या थांबण्यामुळेच थोडे थोडे वाढवीत न्यावयाचे. आज त्याचे काम अवघड म्हणून मागे पडले, ठीक. परंतु उद्या त्याचा एक गुण वाढला, परवा आणखी एक. एक दिवस असा उगवतो, की कितीही सोपे नवे काम समोर आले तरी ह्या जुन्याचीच पाळी लागते. ह्या योजनेत दया नाही, उपकार नाही. प्रतीक्षेला हक्काचे रूप दिले आहे, एवढेच. ‘तुम्ही थांबलात’ ही गोष्टच तुमच्या बाजूने पुरावा ठरते.

हे सारे आपल्या घराला आणि धर्मग्रामाला कसे लागू पडते? वर्षाच्या आरंभी अनेक धर्मग्रामांत कामांची यादी होते. कुंपणाला रंग, नवा ध्वनिक्षेपक, सणाची रोषणाई ही कामे सोपी आणि डोळ्यांत भरणारी, ती होतात. वृद्धांना चढता येईल असा उतरता चढ, व्यसनात सापडलेल्या तरुणाच्या घरी महिनोन्महिने जात राहणे, जमिनीवरून फाटलेल्या दोन कुटुंबांत बोलणे सुरू करून देणे ही कामे यादीच्या तळाशी असतात. एकाही सभेत ती कोणी नामंजूर करीत नाही. ती फक्त पुढील सभेवर जातात. घरातही तसेच. विजेचे बिल भरले जाते, लग्नाचा आहेर वेळेवर पोहोचतो; वडिलांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन ‘पावसाळा संपला की’ होणार असते. कुरकुर न करणाऱ्याचे काम सर्वात मागे पडते, आणि आपण त्याला त्याचा समजूतदारपणा म्हणतो.

तेव्हा यादी करावी, लाभ आणि कष्ट दोन्ही प्रामाणिकपणे मांडावेत, आणि थोड्या कष्टात अनेकांचे भले होत असेल तर ते काम आधी करण्याचा संकोच बाळगू नये. परंतु त्या दोन रकान्यांशेजारी आणखी दोन आखावेत. एकात लिहावे: हे काम किती वर्षे थांबले आहे? दुसऱ्यात: हे आणखी थांबले तर कोणाचे काय बिघडेल, आणि त्या माणसाला आपण विचारले आहे काय? आणि दर काही कामांमागे एकदा, वरून नव्हे, तर तळापासून यादी वाचावी. तळाशी जे काम वर्षानुवर्षे पडून आहे, त्याचा एखादा लहानसा तुकडा तरी आज हाती घ्यावा. अवघड काम एका दिवसात होत नाही. पण ते सुरू होण्याचा दिवस मात्र एकच असतो, आणि तो आपल्याला ठरवावा लागतो.

सर्व कामे पुरी करून जगातून गेलेला माणूस अजून जन्मावयाचा आहे. प्रत्येकाच्या मागे काही ना काही शेष राहतेच, आणि किती राहिले ह्यावरून माणसाची पारख होऊ नये. ती व्हावी ते शेष कोणाच्या वाट्याला आले ह्यावरून. दरवेळी ते त्याच त्या माणसांच्या वाट्याला येत असेल, तर आपला हिशेब कितीही चोख असो, आपली यादी आपण पुन्हा एकदा मांडावयास हवी.